पोळपाटावरची धम्मलिपी

गेली काही वर्षे आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आणि वसतिगृहातील रविवारच्या दुपारी मुले-मुली मिठाच्या कणकेच्या वस्तू करीत आहेत. वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर लावलेली पिंपळपाने, चैत्यकमानीची पदके, नावाच्या पाट्या, नाशिक जिल्ह्याचा उठावाचा नकाशा हे सारे पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पाहिले आहे. त्याचे कौतुक झाले, तशी नापसंतीही आमच्या कानी आली. ती दोन प्रकारची आहे. जुन्या पिढीतील पालक म्हणतात, खाण्याच्या पिठाशी खेळ कशाला? आणि शिकून नोकरीस लागलेले माजी विद्यार्थी म्हणतात, आम्ही ज्या हातकामातून सुटण्यासाठी शिकलो, तेच पुन्हा शाळेत कशाला? दोन्ही आक्षेप हलके नाहीत. समाजाच्या भोगलेल्या आयुष्यातून ते आले आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचा विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत जिला ‘सॉल्ट डो’ म्हणतात, ती ही कणीक. दोन वाट्या मैदा किंवा गव्हाचे पीठ, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी, एवढेच साहित्य. हे प्रमाण मापाचे आहे, वजनाचे नव्हे. मीठ पिठापेक्षा पुष्कळ जड असते. त्यामुळे दोन वाट्या पीठ आणि एक वाटी मीठ तराजूत घातले तर जवळजवळ सारखेच भरतात. किलोभर पिठाला अर्धा किलो मीठ घेणाऱ्याची कणीक सैल आणि चिकट होते, आणि मग दोष मुलांच्या हातांना दिला जातो. मीठ पिठात आधी कोरडेच मिसळावे, पाणी थोडे थोडे घालावे आणि आठ-दहा मिनिटे कणीक चांगली तिंबावी. खडे मीठ असेल तर मिक्सरमधून काढून चाळून घ्यावे, नाहीतर पृष्ठभागावर खडबड राहते.

गव्हाचेच पीठ का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी मुलगा विचारतोच, आणि त्याचे उत्तर त्याच्या घरच्या चुलीपाशीच असते. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ पाण्याने आणि मळण्याने तयार होतो. त्याची जाळी पिठाला धरून ठेवते. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारी-बाजरीत तो नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते आणि तिच्या कडा चिरतात. मीठ ही जाळी अधिक घट्ट करते. शिवाय मीठ पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे बुरशीला वाढण्यास लागणारा ओलावा उरत नाही. साधी कणीक दोन दिवसांत आंबते; मिठाची नीट वाळवलेली कणीक कोरड्या जागी वर्षानुवर्षे राहते. रसायनशास्त्राचा हा धडा फळ्यावर शिकवायला आम्हांला अर्धा तास लागतो आणि पोळपाटावर पाच मिनिटे.

पिठाच्या मूर्ती आणि आकृती करण्याची रीत जगात नवी नाही. जर्मनीत मिठाच्या कणकेच्या शोभेच्या वस्तू नाताळच्या सुमारास घरोघरी होतात. दक्षिण अमेरिकेत इक्वाडोरमधील क्विटो शहराजवळचे काल्देरोन हे गाव कणकेच्या रंगीत बाहुल्यांसाठीच ओळखले जाते. तिबेटी विहारांतील भिक्खू भाजलेल्या जवाच्या पिठात लोणी कालवून ‘तोर्मा’ नावाच्या आकृती घडवितात आणि त्यांतील रंगकाम पाहण्यासारखे असते. आपल्या महाराष्ट्रातही आषाढी अमावास्येला शेजारीपाजारी कणकेचे दिवे होतात; ते वाफवून शेवटी खाल्ले जातात, एवढाच फरक.

आता पहिला आक्षेप. ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, रोजगार हमीच्या कामावर सुकडीसाठी रांग धरली, त्यांना परातीतल्या पिठात मुले रंग कालविताना पाहून कसेसे होणारच. आमच्या घरांतही भाकरीचा तुकडा पडला तर उचलून, फुंकून ठेवणाऱ्या आज्या होत्या. त्या भावनेला ‘जुने विचार’ म्हणून बाजूला सारणे आम्हांला मान्य नाही. तेव्हा हिशेबच मांडू. पाव किलो पिठाच्या कणकेतून तळहाताएवढी वीस-बावीस पदके निघतात. चाळीस मुलांच्या वर्गाला अर्धा किलो पीठ पुरते. त्या पिठाच्या पंधरा-सोळा पोळ्या झाल्या असत्या. एका वर्गाला वर्षातून तीनदा हे काम मिळते. भोजनगृहात एका दिवशी ताटांत उष्टे किती पडते, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या दोन आकड्यांची तुलना करावी.

पण केवळ आकड्यांनी हा प्रश्न सुटत नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणून आम्ही एक शिस्त पाळतो. मुलांच्या भोजनाचे पीठ या कामाला वापरले जात नाही. पोरकिडे लागलेले, कडवट झालेले, गिरणीतल्या झाडलोटीचे असे जे पीठ खाण्याजोगे राहिलेले नसते, ते चाळून घेतले जाते. आणि पिठाचा खाण्याव्यतिरिक्त उपयोग आपल्या समाजाला काही अपरिचित नाही. भीमजयंतीची, मोर्चांची, सभांची भिंतिपत्रके कशाने चिकटली? मैद्याच्या खळीने. रात्री चुलीवर पातेलेभर खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचे आणि पहाटेपर्यंत गावभर भिंती भरायच्या, हे काम आज पन्नाशी-साठीत असलेल्या आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी केले आहे. त्या पिठाला तेव्हा कोणी नासाडी म्हटले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्यावर आम्ही थोडे थांबणार आहोत.

हातकाम आणि शिक्षण यांचे नाते आपल्या देशात कधीच निर्मळ नव्हते. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, सुताराच्या मुलाने वाकस धरावा, बुरुडाच्या मुलाने टोपली विणावी, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेले ढोर ओढणे आले, त्यांच्या मुलांनी तेच करावे, हा गावगाड्याचा नियम होता. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात हे नेमके दाखवून दिले आहे की, या व्यवस्थेत माणसाची आवड, त्याची कुवत यांना जागाच नाही. व्यवसाय जन्माआधीच ठरलेला. पुढे १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली गेली, तेव्हा ती आपल्या लोकांना संशयास्पद वाटली, यात नवल नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकामाशिवाय दुसरे काही नव्हते, त्यांना शाळेत पुस्तक हवे होते. चरखा नि तकली ज्यांच्या घरी कधीच नव्हती, त्यांना त्यांचे अप्रूप वाटणे सोपे होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांचा आक्षेप आम्ही अगदी गांभीर्याने घेतो. आमची मुले डॉक्टर, अभियंता, न्यायाधीश व्हावीत यासाठी ही शाळा आहे. हस्तव्यवसायाची शाळा म्हणून ती निघालेली नाही. तरीही आमचे मत असे आहे की, त्या व्यवस्थेने आपल्याकडून दोन गोष्टी हिरावल्या होत्या. पुस्तक हिरावले, हे आपण ओळखले आणि ते परत मिळविले. दुसरी गोष्ट म्हणजे कामातील आनंद. हात सतत राबले, पण काय घडवायचे हे ठरविण्याचा अधिकार त्या हातांना नव्हता. पुस्तक परत घेतले आणि हात मात्र तिथेच सोडून दिले, असे होऊ नये.

मिठाच्या कणकेचे आम्हांला विशेष वाटते ते याच कारणाने. हे काम कोणत्याही जातीचे नाही. त्याला चाक लागत नाही, भट्टी लागत नाही, पिढीजात हत्यार लागत नाही. कोणाच्या आजोबांनी ते केले नव्हते आणि म्हणून कोणी कोणाला ‘तुझ्या रक्तातच आहे’ असे म्हणू शकत नाही. वर्गात बसलेली चाळीसही मुले त्या परातीपुढे सारखीच नवखी असतात. आपल्या समाजात असे काम शोधून सापडणे किती कठीण आहे, याचा वाचकांनी विचार करावा.

आणि एक गोष्ट मुलींविषयी. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली नऊ-दहा वर्षांच्या वयापासून घरी भाकऱ्या थापत आलेल्या असतात. परात दिसली की त्या मुकाट्याने पुढे सरसावतात आणि मुलगे मागे सरकतात. आमच्याकडे नियम आहे, कणीक आधी मुलगे तिंबतील. पहिल्या दिवशी हसाहस होते. एकदा एका मुलीला गोळा दिला तर तिने नकळत गोल चांदकी लाटून ठेवली आणि पुढे काय करायचे म्हणून वाट पाहत बसली. बाईंनी तिला सांगितले, ‘याचे तुला हवे ते कर.’ तिला ते समजायला बराच वेळ लागला. मग तिने त्या चांदकीतून एक एस.टी. बस कापली.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्ही मुलांना त्रिरश्मी लेण्यांत नेतो. देवळाली कॅम्पहून ते अंतर फार नाही. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे एक हजार, पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी मिळायचे. मुलांनी वहीत गुणाकार करून पाहिला की वर्षाचे व्याज बरोबर दोनशे चाळीस येते आणि ती चकित होतात. त्याच लेण्याच्या परिसरात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी पैसा ठेवला तो कोणाकडे? कुलरिकांकडे, म्हणजे कुंभारांकडे असा अर्थ अभ्यासक लावतात, तसेच पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींकडे. ज्यांच्या कामाला पुढे कमी मानले गेले, त्या हातांवर या नाशिकच्या मातीत एके काळी राजघराण्याने आणि उपासिकांनी आपला पैसा विश्वासाने ठेवला होता. हातकामाला कमीपणा जन्मतःच चिकटलेला नव्हता, तो नंतर चिकटविला गेला, हे मुलांना सांगायला याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

लेण्यांहून परतल्यावर मिठाच्या कणकेचा आमचा सर्वांत आवडता तास होतो. तो धम्मलिपीचा. अशोककालीन ब्राह्मी लिपी, जी पुढे विसरली गेली आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली उलगडली, ती कणकेत करायला जणू सोयीचीच आहे. कणकेची बारीक वळी करायची आणि अक्षर मांडायचे. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह. ‘र’ म्हणजे एक उभी वळी. ‘ठ’ म्हणजे वर्तुळ आणि त्यात टिंब दिले की ‘थ’. ‘ब’ म्हणजे चौकोन. ‘ग’ म्हणजे छपराचे दोन उतार. ‘ध’ इंग्रजीतल्या डी-सारखा. सहावीतला मुलगा तासाभरात आपले नाव मांडतो आणि जो मुलगा देवनागरीत जोडाक्षरे चुकतो तोही येथे मागे राहत नाही. वाळलेली अक्षरे डोळे मिटून बोटांनी ओळखण्याचा खेळ मुलांनी स्वतःच काढला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखापुढे उभे राहून पुढच्या सहलीत ती एकेक अक्षर वाचू लागतात, तेव्हा मार्गदर्शकाची गरज उरत नाही.

चोवीस आऱ्यांचे चक्र करताना गणिताचे शिक्षक मदतीस येतात. तीनशे साठ भागिले चोवीस, प्रत्येक आरा पंधरा अंशांवर. कोनमापक न वापरता अंदाजाने आरे लावणाऱ्याचे चक्र शेवटी नेहमी तेवीस किंवा पंचवीस आऱ्यांचे होते. पिंपळपानासाठी शाळेच्या आवारातले खरे पान शिरांची बाजू खाली ठेवून कणकेवर दाबायचे, वरून हलके लाटणे फिरवायचे आणि कडेने सुरीने कापायचे. शिरा इतक्या स्पष्ट उमटतात की रंगही द्यावासा वाटत नाही.

मिठाचे नाव निघाले म्हणून एक आठवण इतिहासाची. १९३०च्या मार्च महिन्यात देशात दोन सत्याग्रह सुरू झाले. २ मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे उभी राहिली. १२ मार्चला साबरमतीहून दांडीकडे पदयात्रा निघाली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. दहा दिवस आधी सुरू झालेली आणि पुढे वर्षानुवर्षे चाललेली नाशिकची लढाई पाठ्यपुस्तकात किती ओळींची आहे, ते मुलांनी मोजावे, असे आम्ही सांगतो. बौद्ध साहित्यातही मीठ आहे. वैशालीच्या संगीतीत वाद झालेल्या दहा मुद्द्यांपैकी पहिला शिंगात मीठ साठवून ठेवावे की नाही हाच होता. चिमूटभर मिठावरून संघात एवढी चर्चा झाली, याचे मुलांना हसू येते. मग साठवणूक आणि अपरिग्रह यांवर त्यांचाच वाद रंगतो.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आमचे मत एकांगी ठरेल. मीठ ओलावा ओढते, हा गुण वाळताना उपयोगी पडतो आणि पावसाळ्यात वैरी होतो. रोगण न लावलेले पदक इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात घाम फुटल्यासारखे ओले होते आणि श्रावणापर्यंत मऊ पडते. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते मार्चअखेरपर्यंतचे. देवळालीची कोरडी थंडी त्याला मानवते. जाडी बोटाच्या अर्ध्या पेराहून जास्त नको. उन्हात घाईने वाळविले तर वरचा थर आवळतो, आत ओल राहते आणि तडा जातो. सावलीत एक दिवस, मग उन्हात दोन-तीन दिवस उलटवीत वाळवावे. भट्टी मिळाली तर शंभर अंशांच्या आसपास दोन-तीन तास पुरे. पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही आणि रंगानंतर दोन्ही बाजूंनी रोगणाचे दोन हात.

ज्या मुलांच्या हातांना भेगा असतात त्यांना मीठ झोंबते. वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून सुट्टी संपवून आलेल्या मुलांचे हात आम्ही आधी पाहतो आणि त्यांना रंगकाम देतो. लहान मुलांनी ही कणीक तोंडात घालू नये. इतके मीठ पोटात जाणे घातक आहे. कुत्र्याने ती खाल्ली तर त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून उरलेले तुकडे उघड्यावर टाकायचे नाहीत, झाडांच्या आळ्यातही नाहीत.

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे या कणकेचे करावेत असा आग्रह काही पालकांनी धरला. आम्ही नम्रपणे नकार दिला. आषाढात नाक घसरलेली मूर्ती घरात ठेवायची की टाकायची, हा पेच आम्हांला कोणाच्याही घरात उभा करायचा नाही. त्यासाठी माती, लाकूड, दगड आहेत. मोठ्या वस्तूंसाठी माती सरसच आहे; मिठाची कणीक लहान वस्तूंचीच.

देवळालीविषयी एक गमतीची गोष्ट सांगून मूळ मुद्द्याकडे वळतो. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक येथील छावणीत जहाजाची वाट पाहत थांबत. जहाजांचा हंगाम संपला असेल तर महिनोन्‌महिने काहीच काम नसे. त्या रिकामपणाने आणि उन्हाने त्यांचे डोके फिरे, आणि आपल्या गावाच्या नावावरून इंग्रजी भाषेला वेडेपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्द मिळाला. वसतिगृह चालविणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रविवारची दुपार, घरची आठवण, तोफखान्याच्या सरावाचे दूरचे आवाज आणि करायला काही नाही, अशा वेळी लहान मुलांची भांडणे होतात, मोठी मुले गप्प गप्प होतात. त्या दुपारी परात काढली की तासाभरात खोलीतला आवाज बदलतो.

यंदा दुसऱ्या सत्रात सहावी ते आठवीच्या सर्व वर्गांना हे काम द्यावे असा आमचा विचार आहे. पालकांनी घरातले खराब झालेले गव्हाचे पीठ फेकून न देता मुलांसोबत पाठवावे. बुरशी लागलेले मात्र नको. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांची बेकरी आहे किंवा ओळखीची आहे, त्यांनी रात्रीचे काम संपल्यावर निवत चाललेली भट्टी आठवड्यातून एकदा दिली तर पावसाची चिंता उरणार नाही. रोगणाचे डबे, जुने पोळपाट, लाटणी आणि एक काचेचे बंद कपाट हवे आहे. कपाट धम्मलिपीच्या अक्षरांसाठी, जी मुले परीक्षेनंतर घरी न नेता पुढच्या वर्गासाठी मागे ठेवून जातात.